धाक, जरब, भेडसावणे: या चुका टाळा

समोरच्याच्या मनात भीती उत्पन्न करायला मराठीत शब्दांची वाण नाही. घोळ होतो तो एका शब्दाचं क्रियापद दुसऱ्याला चिकटवल्यामुळे.

सगळ्यात जास्त हाल ‘भेडसावणे’चे. ‘शेतकरी पाणीटंचाईला भेडसावत आहेत’ असं वाक्य सर्रास वाचायला मिळतं. म्हणजे बिचारे शेतकरीच टंचाईला भीती घालताहेत! या क्रियापदात भीती घालणारा तो कर्ता. म्हणून ‘शेतकऱ्यांना पाणीटंचाई भेडसावते आहे’ हे बरोबर. ‘टंचाईला सामोरे जात आहेत’ ही रचना डोक्यात असते आणि तीच इथे घुसते. शंका आली तर ‘भेडसावणे’च्या जागी ‘छळणे’ घालून वाचा. ‘शेतकरी टंचाईला छळत आहेत’ म्हटलं की चूक लगेच कानाला टोचते.

धाक दाखवतात किंवा घालतात. ‘चाकूचा धाक दाखवून लुटलं’ हे बातमीतलं नेहमीचं वाक्य. जरब मात्र बसते किंवा बसवली जाते. ‘चाकूची जरब दाखवली’ असं कुणी म्हणत नाही, कारण धाक क्षणाचाही असू शकतो, जरब बसायला काळ जावा लागतो. वचकही तसाच, साहेब रजेवर असले तरी राहणारा. दरारा तर कुणाला ठरवून घालताच येत नाही, त्यात थोडा आदरही मिसळलेला असतो. आणि धसका? तो देत नाहीत, ज्याचा त्याने घ्यायचा असतो: ‘गावाने पुराचा धसका घेतलाय.’

विभक्तीही सांभाळा. ‘मुलांना धाक नाही’ आणि ‘मुलांचा धाक नाही’ यांत घाबरणारा आणि घाबरवणारा यांची अदलाबदल होते. ‘मी कुत्र्यापासून घाबरतो’ ही हिंदीची उसनवारी. मराठी माणूस कुत्र्याला घाबरतो.

लिहिताना ‘धाकधपटशा’ नको, ‘धाकदपटशा’ हवं. दपटणे म्हणजे दरडावणे, त्यातला हा ‘द’. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ याच गुन्ह्याचं आहे, तेव्हा तक्रार अर्जात तरी नीट लिहावं.

‘बिबट्याची दहशत’ हा मथळा व्याकरणात चुकत नाही, मला मात्र खटकतो. उसाच्या फडात पिल्लं घेऊन बसलेली मादी कसली दहशत माजवणार? ‘बिबट्यामुळे गाव धास्तावलं’ एवढं पुरे.