नव्याकोऱ्या ‘पीसमेकर’ला जुनेपण कसं आणावं

मीठ, व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र करा, रिव्हॉल्व्हर रात्रभर त्यात बुडवा, सकाळी शंभर वर्षांचं हत्यार तयार! हा सल्ला अजूनही फिरतोय. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. तुम्ही त्यातून वाचलात तरी मिठातलं क्लोराइड पोलादाच्या खड्ड्यांत बसतं आणि पुढे गंज पुन्हापुन्हा वर येत राहतो. शिवाय हातात जे येतं ते जुनं नसतं, नुसतं कुजलेलं असतं. अमेरिकन लष्कराने 1873 साली स्वीकारलेलं कोल्ट सिंगल अ‍ॅक्शन आर्मी, म्हणजेच ‘पीसमेकर’ रिव्हॉल्व्हर, ज्यांनी कमरेला वागवलं, त्यांनी त्याला तेलपाणीही केलं. त्याच्या नव्या प्रतिकृतीवर आपल्याला गंज नको, झीज हवी.

आधी चुंबक लावून बघा. शोकेससाठी मिळणाऱ्या स्वस्त प्रतिकृती बहुधा जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. चुंबक चिकटला नाही तर इथेच थांबा, व्हिनेगर जस्त खातं. पुढचं सगळं इटलीत गार्दोने व्हाल त्रोंपियाच्या परिसरात बनणाऱ्या पोलादी प्रतिकृतींबद्दल आहे. उबेर्ती आणि पिएत्ता ही त्यातली नेहमीची नावं.

रिकामं आहे याची खात्री करून पूर्ण सुटं करा. स्प्रिंगा आणि आतले भाग बाजूला ठेवा, त्यांना आम्ल लागता कामा नये. बाकीचे भाग अ‍ॅसिटोनने पुसा. स्टील वूल 0000 नंबरचंच, म्हणजे अगदी बारीक, घ्या आणि तेही अ‍ॅसिटोनमध्ये धुऊन घ्या, कारण त्याला बहुतेकदा तेल लावलेलं असतं.

आता खरं काम. ब्लूइंग म्हणजे हत्याराला निळसर-काळा रंग देणारा, पोलादावरचा मॅग्नेटाइटचा (लोहाच्या ऑक्साइडचा) पातळ थर. साधं पाच टक्क्यांचं व्हिनेगरही तो सहज उतरवतं, आणि अडचण तिथेच आहे. बुडवलेला भाग सगळीकडून सारखाच पांढरा पडतो. जुनं हत्यार कधीच सारखं झिजत नाही. मलाही या टप्प्याने बराच काळ छळलं. मग एक नियम धरला: काहीही बुडवायचं नाही. फडक्याचा कोपरा व्हिनेगरमध्ये ओला करायचा, हवं तिथेच घासायचं आणि लगेच पुसायचं.

हवं तिथे म्हणजे कुठे? होल्स्टरचं चामडं जिथे घासतं तिथे: नळीचं तोंड, इजेक्टरच्या (रिकामी काडतुसं ढकलणाऱ्या दांड्याच्या) नळकांड्याची बाहेरची कड, सिलिंडरची पुढची धार. तळवा जिथे बसतो तिथे: मुठीमागची पट्टी जवळजवळ उघडी पडू द्या. आणि जिथे चामडं किंवा बोट पोचत नाही तिथला रंग सोडा: सिलिंडरच्या खाचा, नळी आणि फ्रेम जुळतात ती बेचकी, चापाच्या कडीमागचा कोपरा. अस्सल जुन्या हत्यारात निळा रंग इथेच लपून उरलेला असतो. मूळ फोटो समोर ठेवा. शंका आली की हात आवरा, कारण काढलेला रंग जशाचा तसा परत बसत नाही.

फ्रेम वेगळी. मूळ कोल्टची फ्रेम हाडं आणि कोळशात तापवून कडक केलेली असे, त्यातून ते चट्ट्यांसारखे रंग येत. हाताळून आणि उन्हाने ते करडे पडतात. प्रतिकृतीवरचे रंग व्हिनेगरच्या एका पुसण्यात फिके होतात, म्हणून निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी घ्या. सिलिंडरमागच्या आडोशाला थोडे रंग राहू द्या.

मनासारखं झालं की खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, गरम पाणी ओता, लगेच कोरडं करून तेल लावा. इथे चहाला उठलात तर परत येईपर्यंत तांबूस थर चढलेला असेल.

उघडं पोलाद मात्र फार चकाकतं आणि तीच चकाकी नवेपणाची चुगली करते. तेल पुन्हा पुसून काढा. कोल्ड ब्लू, म्हणजे पोलाद न तापवता काळपट करणारं द्रावण, पाण्यात चांगलं पातळ करा, कापसाने लावा, काळपट झालं की तेल आणि स्टील वूलने जवळजवळ सगळं घासून काढा. पुन्हा लावा, पुन्हा काढा. हळूहळू जुन्या रुपयासारखा करडा रंग येतो. घाई करून दाट लावलंत तर तो रंगवलेला दिसतो, हे कपाटातल्या एका नळीकडे बघून सांगतो. कोल्ड ब्लूमध्ये बहुधा सेलेनियमची संयुगं असतात, ती विषारी आहेत. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि स्वयंपाकघरात हे काम करू नका.

मुठीचं लाकूड सोपं आहे: लालसर चकचकीत वार्निश काढा, कडा बारीक पॉलिश पेपरने गोल करा, जवसाचं तेल चोळा. तेलाची फडकी मात्र चोळामोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून मग फेका.

स्क्रूंची डोकी मुद्दाम खरवडू नका, ती जुनी नव्हे तर अडाणी हातातली दिसतात. आणि इटालियन प्रूफचे, म्हणजे हत्याराची चाचणी झाल्याचे, शिक्के कानशीने घालवणाऱ्यांशी मी या विषयावर बोलत नाही. ते शिक्के राहू द्या, नाहीतर उद्या कुणीतरी तुमची प्रतिकृती अस्सल म्हणून विकेल.