कॉर्नियाचा कुठला थर बदलणार, ते आधी विचारून घ्या

आईला सकाळी उठल्यावर सगळं धुक्यातून पाहिल्यासारखं दिसायचं आणि अकरा-बारापर्यंत ते निवळायचं. आम्ही मोतीबिंदू धरून चाललो होतो. पण मोतीबिंदू असा घड्याळ बघून येत-जात नाही.

कॉर्निया म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच. मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. वरचं एपिथेलियम खरचटलं तर काही दिवसांत भरून येतं. त्याखाली पातळ बोमन थर, मग स्ट्रोमा. जाडीचा 90 टक्के भाग त्याचाच. त्यामागे डेसमेट पडदा आणि त्याला आतून चिकटलेला पेशींचा एकच थर, एंडोथेलियम. स्ट्रोमात झिरपणारं पाणी या पेशी रात्रंदिवस उपसत असतात. त्या मेल्या की त्यांच्या जागी नव्या येत नाहीत, शेजारच्याच पसरतात. फार कमी उरल्या की पाणी साचतं, काच गढूळ होते. रात्री डोळा मिटलेला, त्यामुळे वरून बाष्पीभवनही होत नाही. म्हणून सकाळ सगळ्यात वाईट.

तेव्हा नुसतं ‘बुबुळ बदलायचंय’ यावर थांबू नका. बिघाड स्ट्रोमात असेल आणि आतला थर चांगला असेल, तर तो थर ठेवून पुढचा भाग बदलता येतो. सगळेच थर गेले असतील तर पूर्ण जाडीचं रोपण. या दोन्हींत केसाहून बारीक टाके असतात आणि ते बरेच महिने राहतात. डोळ्यात अचानक टोचायला लागलं तर टाका सैल झाला असेल, लगेच दाखवा.

आईचं फक्त डेसमेट आणि एंडोथेलियम बदललं. हा पडदा इतका पातळ, की मोकळा सोडला तर आपोआप सुरळी होतो. त्याला टाका नाही. आत सोडलेला हवेचा बुडबुडाच त्याला दाबून धरतो. हवा वर जाणार, म्हणून कॉर्निया सगळ्यात वर हवा, म्हणजेच माणूस उताणा हवा. मी उशी काढून टाकली आणि कुशीवर वळू नये म्हणून दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावल्या. जेवायला, बाथरूमला किती वेळ उठायचं, हे डॉक्टरांकडून मिनिटांत लिहून घ्या. एवढं करूनही तिसऱ्या दिवशी एक कड सुटली, पुन्हा हवा भरावी लागली. घाबरू नका, असं होतं. बुडबुडा विरेपर्यंत विमानप्रवास मात्र नाही.

थेंब घालताना हात धुवा, खालची पापणी ओढा, बाटलीचं टोक कुठे टेकवू नका, दोन औषधांत पाच मिनिटं जाऊ द्या. बरं वाटलं म्हणून स्टेरॉइडचे थेंब आपल्या मनाने बंद करू नका. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून शरीर परका पडदा सहसा खपवून घेतं. पण नाकारूही शकतं, अगदी काही वर्षांनीसुद्धा. लाली, दुखणं, उजेड न सोसणं, दिसणं कमी होणं, यातलं एक जरी झालं तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मी रोज आईचा दुसरा डोळा झाकून, त्याच खुर्चीवरून भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचायला लावते. काल दिसलेला आकडा आज दिसला नाही, तर उद्याची वाट पाहायची नाही.