फोल्डर उघडायला वेळ लागतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

साताऱ्यात घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा माझा धंदा. फोनवर बहुतेक जण एकच सांगतात, "ताई, पीसी लई स्लो झालाय, फॉरमॅट मारून द्या." मी विचारते, नेमकं काय करताना स्लो? मग कळतं की ब्राउझर बरा चालतो, टॅलीही चालतं. अडतं ते फोल्डर उघडताना, फाइल कॉपी करताना, नाहीतर राइट क्लिक केल्यावर. एवढ्यासाठी फॉरमॅट मारला तर अख्खा दिवस जातो, प्रिंटरचा ड्रायव्हर शोधत बसावं लागतं, आणि दोष डिस्कमध्ये किंवा केबलमध्ये असेल तर चार दिवसांत पुन्हा तेच रडगाणं.

विंडोज १० किंवा ११ असेल तर आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स'मध्ये जाऊन डिस्कवर क्लिक करा. डिस्क एसएसडी (चिपवाली, वेगवान) आहे की एचडीडी (आत तबकडी फिरणारी, जुन्या पद्धतीची), हे बहुतेक ठिकाणी तिथंच लिहिलेलं असतं. आता ही खिडकी बाजूला ठेवून जो फोल्डर रखडतो तो उघडा आणि 'ॲक्टिव्ह टाइम'कडे बघत राहा. आकडा १०० टक्क्यांना चिकटला आणि वाचायचा वेग मात्र सेकंदाला एखाद-दोन एमबी, तर डिस्क आजारी आहे नाहीतर कामाखाली दबलीय. उलट डिस्क निवांत आहे आणि फोल्डरच्या वरची हिरवी पट्टी तरी मुंगीच्या पावलानं सरकतेय, तर विंडोज दुसऱ्याच कशाची तरी वाट बघत थांबलंय. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. हे न बघता लोक रॅम वाढवून आणतात आणि मग मलाच विचारतात, फरक का नाही पडला.

आधी डिस्कचं बघू, कारण तिथं उशीर परवडत नाही. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. उघडलं की वर निळ्या रंगात 'गुड' दिसायला हवं. पिवळं 'कॉशन' दिसलं तर खालच्या यादीत 'रीॲलोकेटेड सेक्टर्स', 'करंट पेंडिंग सेक्टर' आणि 'अनकरेक्टेबल' या तीन ओळी (डिस्कवरच्या खराब जागांची मोजणी) शोधा आणि उजवीकडचा 'रॉ' रकाना वाचा. शून्यांची लांबलचक रांग असेल तर ठीक. शेवटी दुसरा आकडा आला असेल तर सगळं सोडून आधी फोटो, सातबारा, सोसायटीचे कागद, जे काही असेल ते दुसऱ्या डिस्कवर घ्या. डिफ्रॅग (विखुरलेल्या फाइल्स एकत्र लावणं) नको, चेकडिस्क या विंडोजच्या तपासणीचं लांबलचक स्कॅनही नको. मरणाऱ्या डिस्ककडून जेवढं कमी काम करून घ्याल तेवढा डेटा जास्त वाचेल. टक-टक आवाज येत असेल तर मशीन बंदच करा.

त्याच यादीत 'सीआरसी एरर'ची ओळ असते (डेटा ने-आण करताना किती वेळा बिघडला ते), तिच्याकडे कुणी बघत नाही. ती वाढत असेल तर डिस्क बरी आणि तिला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल खराब, असं पुष्कळदा निघतं. कॅबिनेटमध्ये धूळ बसून, केबल दुमडून, खाचेतून अर्धवट सुटून हे होतं. मशीन बंद करून प्लग काढा आणि केबल बदला. बाजारात केबल स्वस्तात मिळते. जुना आकडा मात्र शून्यावर येत नाही. तो लिहून ठेवा आणि आठवड्यानं वाढला का तेवढं बघा.

डिस्क ठणठणीत आहे पण विंडोज जुन्या एचडीडीवरच आहे? मग सकाळी चालू केल्यावरची पहिली पंधरा-वीस मिनिटं ती अपडेट आणि अँटिव्हायरसच्या कामात अडकणारच. ७२०० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणाऱ्या, डिस्कला एक फेरी मारायला आठ मिलिसेकंद लागतात, आणि प्रत्येक बारक्या फाइलसाठी तिला नव्यानं जागा शोधावी लागते. इथं सेटिंग्ज कितीही बदला, उपाय एकच : विंडोजसाठी साटा एसएसडी. घरच्या कामाला २५६ जीबी पुरते, जुनी डिस्क फोटोंसाठी राहू द्या. एसएसडीला बाहेरचं डिफ्रॅग सॉफ्टवेअर लावू नका, विंडोज तिची काळजी आपली आपण घेतं. ती काठोकाठ भरू मात्र देऊ नका.

आता दुसरा प्रकार, डिस्क निवांत आणि तरी फोल्डर अडलेला. मला यातच जास्त मजा येते. शाहूपुरीतल्या एका निवृत्त गुरुजींकडे 'धिस पीसी' उघडायला अर्धा मिनिट लागायचं. दुकानदारानं नवं मशीन घ्या म्हणून सांगितलं होतं, वर विंडोज १० बंद पडलंय म्हणून स्लो झालं, हेही. (विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, त्याची काळजी वेगळी करायची. पण तेवढ्यानं फोल्डर हळू होत नाही.) मी क्लिक केलं आणि कॅबिनेटला कान लावला. डीव्हीडी रायटर घर्र करून फिरायचा, थांबायचा, पुन्हा फिरायचा. ट्रे उघडला तर आत मुलीच्या लग्नाची ओरखडे पडलेली डीव्हीडी. विंडोज दर वेळी ती वाचायला बघत होतं. डीव्हीडी काढली आणि फोल्डर पटकन उघडायला लागला.

असेच आणखी काही लपलेले अडथळे असतात. 'धिस पीसी'मध्ये लाल फुली असलेला झेड किंवा वाय ड्राइव्ह दिसतो का? कधीकाळी ऑफिसच्या नाहीतर भावाच्या पीसीला जोडलेला तो नेटवर्क ड्राइव्ह आता मेलाय, आणि विंडोज अजून त्याला हाका मारतंय. राइट क्लिक करून 'डिस्कनेक्ट' करा. डावीकडच्या यादीत जुन्या पेन ड्राइव्हचे फोल्डर पिन करून ठेवले असतील तर तेही काढा.

चहा पिऊन आल्यावर पहिली क्लिक आठ-दहा सेकंद अडते आणि मग सगळं झटपट? ती झोपलेली डिस्क जागी होतेय. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये 'टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर' २० मिनिटांवर असतं, तिथं शून्य टाका.

फाइल एक्सप्लोररची (फोल्डर दाखवणाऱ्या प्रोग्रामची) पहिली खिडकीच उशिरा येत असेल तर फोल्डर ऑप्शन्स उघडा. विंडोज १० मध्ये ते 'व्ह्यू'खाली आहेत, ११ मध्ये वरच्या तीन टिंबांत. 'ओपन फाइल एक्सप्लोरर टू'समोर 'धिस पीसी' निवडा, खाली 'प्रायव्हसी'तल्या अलीकडच्या फाइल्स आणि (दिसत असेल तर) ऑफिस डॉट कॉम यांच्यासमोरची टीक काढा आणि 'क्लिअर' दाबा.

एकच फोल्डर रखडत असेल तर तो बहुधा 'डाउनलोड्स' असतो. फोल्डरमध्ये फोटो-व्हिडिओ आहेत असं विंडोजनं धरलं की ते प्रत्येक फाइलच्या आत डोकावत बसतं. फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग 'कस्टमाइज', आणि तिथं 'जनरल आयटम्स' निवडा. सबफोल्डरची टीकही लावा. शिवाय रिकाम्या जागी राइट क्लिक करून 'ग्रुप बाय'ला 'नन' करा. व्हॉट्सॲपवरून उतरवलेल्या हजारो फोटोंचा फोल्डर असेल तर फोल्डर ऑप्शन्सच्या 'व्ह्यू'मधली 'ऑलवेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स' ही टीक लावून बघा, म्हणजे फोटोंची छोटी चित्रं बनवत बसणार नाही. अर्धवट डाउनलोड झालेला एखादा व्हिडिओही सगळा फोल्डर अडवतो.

राइट क्लिकवर गोल चक्र फिरत राहतं तेव्हा दोषी बहुतेक बाहेरचं सॉफ्टवेअर असतं : जुना झिप प्रोग्राम, मुदत संपलेला अँटिव्हायरस, कुठला तरी पीडीएफ कन्व्हर्टर. न लागणारी काढून टाका. तेवढ्यानं भागलं नाही तर निरसॉफ्टचं शेलएक्सव्ह्यू हे छोटं सॉफ्टवेअर घ्या आणि मायक्रोसॉफ्टच्या नसलेल्या 'कॉन्टेक्स्ट मेनू'च्या (राइट क्लिकच्या यादीच्या) नोंदी एकेक करून बंद करत जा. सगळ्या एकदम बंद केल्या तर चोर कोण ते कळत नाही. पीसी बूस्टर वगैरे मात्र लावू नका. तेच पुढं राइट क्लिकमध्ये घुसून बसतात.

कॉपी हळू होत असेल तर आधी पोर्ट बघा. पुढचं काळं यूएसबी बहुधा २.० चं, त्यातून सेकंदाला तीस-चाळीस एमबीच्या वर काही येत नाही. मागचं निळं, म्हणजे बहुधा ३.० चं, पोर्ट वापरा. हजारो बारक्या फाइल्स असतील तर आधी झिप करून एकच फाइल न्या. पेन ड्राइव्ह सुरुवातीला पळतो आणि मग रांगतो, तो त्याचा स्वभाव आहे, पीसीचा दोष नाही.

एवढं करूनही अडलंच तर विंडोजमध्ये नवा युजर करून त्यात लॉगिन करा. तिथं फोल्डर पटापट उघडले तर जुनं प्रोफाइल, म्हणजे जुन्या युजरची सेटिंग्ज, बिघडलंय. नव्यात फाइल्स हलवा आणि तेच वापरा. तिथंही तीच रड असेल तर मग फॉरमॅट. त्याआधी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स दोन ठिकाणी कॉपी करा, आणि टॅलीचा डेटा सी ड्राइव्हवर आहे का तेही बघा.