विमानाच्या पंखांची टोकं: कोकणातून ओळखायची आणि टिपायची कशी

चिपीला, म्हणजे सिंधुदुर्ग विमानतळावर, ही हौस फारशी भागत नाही. तिथे बहुतेक पंख्यांची एटीआर 72 विमानं येतात आणि त्यांच्या पंखांना विंगलेट, म्हणजे टोकाला वळलेलं पातं, नसतं. टोकं पाहायची तर गोव्याचा मोपा विमानतळ गाठा. गोव्याचाच दुसरा विमानतळ दाबोळी हा नौदलाचा तळ आहे, तिथे कॅमेरा पिशवीतच ठेवा. मोपालाही कुंपणापासून लांब, सार्वजनिक रस्त्यावर किंवा मालकाला विचारून एखाद्या सड्यावर उभे राहा.

टोक ओळखायचं ते विमान समोरून येताना. एअरबसच्या ए320निओ आणि ए321निओला एकच पातं डौलात वर वळलेलं असतं. हे शार्कलेट, सुमारे 2.4 मीटर उंच. बोइंगच्या 737 मॅक्सच्या टोकाला फाटा फुटतो: एक पातं वर, एक खाली. आकासा एअर कंपनीची सगळी विमानं मॅक्सच आहेत, त्यामुळे सरावाला तीच बरी. नवख्यांची गफलत होते ती जुन्या ए320 मुळे. त्याच्याही टोकाला वर-खाली पाती असतात, पण ती आखूड आणि त्रिकोणी. शंका असेल तर इंजिनाची मागची कड बघा. मॅक्सची करवतीसारखी दातेरी असते, ए320ची गुळगुळीत.

बाजूने फोटो काढला तर पात्याचा आकार मिळतो, पण ते किती बाहेर झुकलंय ते कळत नाही. थेट खालून काढला तर शार्कलेट चपटं होऊन जवळजवळ नाहीसंच होतं. म्हणून उतरण्याच्या रेषेपासून थोडं बाजूला थांबा आणि विमान तिरकं समोर असतानाच शटर दाबा. हिवाळ्यात रेषेच्या दक्षिणेला उभं राहिलं की ऊन पाठीशी राहतं. दुपारी खारे वारे सुटले की विमानं बहुधा पूर्वेकडून उतरतात; सकाळी मतलई वाऱ्यात दिशा उलटूही शकते. त्या दिवशीची दिशा फ्लाइटरडार या विमानं दाखवणाऱ्या अ‍ॅपवर पाहूनच जागा ठरवा.

अंतराचा हिशेब सोपा आहे. विमान साधारण 3 अंशांनी उतरतं, म्हणजे धावपट्टीपासून साडेपाच किलोमीटरवर ते तिच्या पातळीहून जवळपास 300 मीटर वर असतं. ए320चा पंखविस्तार 35.8 मीटर. 300 मीटरवरून फुल फ्रेम कॅमेऱ्यावर 300 मिमी लेन्सने दोन्ही टोकं फ्रेमच्या कडांना भिडतात, म्हणून 250 वर या. लहान सेन्सरच्या एपीएस-सी कॅमेऱ्याला 160 ते 170 मिमी पुरे. मोपा सड्यावर आहे; खालच्या वाडीत उभे असाल तर अंतर वाढतं, तेवढी लेन्सही वाढवा.

शटर 1/1250, अॅपर्चर एफ/8, आयएसओ ऑटो, फोकस सलग. मळभाच्या पांढऱ्या आभाळासमोर टोक काळं पडतं, तेव्हा एक्सपोजर +0.7 ते +1 करा. एटीआर आलं तर शटर 1/250 वर आणा, नाहीतर पंखे थिजल्यासारखे दिसतात.

सकाळी नऊनंतर तापलेल्या कातळावरून येणारी झळ कडा थरथरवते. ती महागड्या लेन्सनेही जात नाही. जवळ जा किंवा लवकर या. एसीच्या खोलीतून निघताना कॅमेरा बंद पिशवीत अर्धा तास राहू द्या, नाहीतर दमट हवेत काचेवर वाफ धरते. किनाऱ्यावर खार बसली असेल तर आधी ब्लोअर मारा, मग किंचित ओलसर मायक्रोफायबर फिरवा. कोरडं पुसलं की मिठाचे कण ओरखडे काढतात.

किनाऱ्यावरून 35,000 फुटांवर जाणाऱ्या विमानांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. 600 मिमी लेन्सनेही शार्कलेट 24 मेगापिक्सेलच्या फोटोत जेमतेम वीस-बावीस पिक्सेलचं उमटतं. बोइंग 787 चं मागे निमुळतं होत गेलेलं टोक तेवढं अपवाद: ते पंखाच्याच पातळीत असल्यामुळे खालून ओळखू येतं.