शेवंतीचा चहा: चिनी पद्धतीने कसा करावा, कधी प्यावा, कोणी टाळावा

तोंड आलं, डोळ्यांची आग होऊ लागली, घसा धरला की आपल्या घरातलं मोठं माणूस एका शब्दात निदान करतं: "उष्णता झालीय." मग सब्जा भिजतो, धण्या-जिऱ्याचं पाणी होतं, गुलकंदाची बरणी खाली निघते. चीनमध्ये नेमक्या याच तक्रारींना 'शांग-ह्वो' म्हणतात, म्हणजे आग वर चढली. आणि तिथलं मोठं माणूस अशा वेळी जे पेल्यात घालून देतं, ती असते वाळवलेली शेवंती. चिनी भाषेत शेवंती म्हणजे 'जू-ह्वा' आणि तिचा चहा 'जू-ह्वा छा'. यात चहाची पत्ती नसते, त्यामुळे कॅफिनही नसतं.

आपल्यासाठी शेवंती म्हणजे वेणीतलं आणि देवघरातलं फूल. ते प्यायचं असतं हे ऐकून पहिल्यांदा मलाही नवल वाटलं होतं. पण चीनमध्ये ही गोष्ट फार जुनी आहे. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'शन्नोंग बन्साव जिंग' या वनौषधींच्या ग्रंथात शेवंती वरच्या वर्गात आहे. दीर्घकाळ घेतल्या तरी चालतील अशा वनस्पती या वर्गात ठेवलेल्या आहेत. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यातल्या नवमीला 'छोंगयांग' सण असतो, त्या दिवशी उंचावर चढून जायची आणि शेवंतीची दारू प्यायची रीत होती. दोन्ही पंचांगं चांद्र असल्यामुळे बऱ्याच वर्षी हा सण आपल्या खंडेनवमीलाच येतो. २०२२, २०२३ आणि २०२४ ही तीन वर्षं सलग तसंच झालं. तिकडे शेवंतीचा सण आणि इकडे दसऱ्याच्या बाजारात शेवंतीचे ढीग, एकाच आठवड्यात.

आधी एक गोष्ट पक्की करा: बाजारातली फुलं नकोत

हे सर्वांत महत्त्वाचं, म्हणून कृतीच्या आधी सांगते. फूलबाजारातली शेवंती कितीही ताजी दिसली तरी तिचा चहा करू नका. ती पूजेसाठी आणि सजावटीसाठी पिकवलेली असते. मावा आणि फुलकिडे येऊ नयेत म्हणून तिच्यावर कीटकनाशकं फवारलेली असतात, आणि ही फुलं कोणी पोटात घेईल असा विचार फवारताना केलेला नसतो. फूल धुतल्याने सगळं निघून जात नाही. चहासाठी पिकवलेली, वाळवलेली, खाद्यपदार्थ म्हणून पाकीटबंद विकली जाणारी फुलंच घ्या.

कोणती फुलं घ्यावीत

पाकिटावर वेगवेगळी नावं दिसतात. त्यातली चार ओळखून ठेवली तरी पुरे.

'हांग-बाईजू' ही पांढरी शेवंती. हांगचौ शहराच्या नावाने ओळखली जाते, पण तिचं खरं माहेर म्हणजे चजियांग प्रांतातलं तोंगश्यांग. फुलं वाफवून मग वाळवतात, म्हणून पाकळ्या चपट्या, एकमेकींना चिकटलेल्या असतात. चव गोडसर, सौम्य. नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी. याच फुलांच्या न उमललेल्या कळ्या 'ताईजू' म्हणून जास्त भावाने विकल्या जातात.

'गोंगजू' ही आनह्वी प्रांतातल्या ह्वांगशान भागातली. गोंग म्हणजे दरबारी नजराणा. फुलं लहान, भरगच्च, मधोमध हिरवट छटा. वास सुरेख.

अलीकडे एक मोठं, सोनेरी पिवळं फूलही मिळतं, एका पेल्याला एकच फूल पुरतं. गरम पाण्यात ते पूर्ण उमलतं. पाहुण्यांसमोर काचेच्या पेल्यात करायला हे छान, रोजच्यासाठी महाग.

चौथी 'ये-जूह्वा', म्हणजे रानशेवंती. बारीक पिवळी आणि कडूजहर. चिनी वैद्य ती गळवं आणि सूज यांसाठी वापरतात. रोजच्या चहाला ती घेऊ नका.

पाकीट उघडल्यावर नाक जवळ न्या. मधासारखा, किंचित गवतासारखा वास हवा. नाकाला झोंबणारा, फटाक्यांच्या धुरासारखा वास आला, किंवा पांढरी फुलं कागदासारखी पांढरीशुभ्र दिसली, तर गंधकाची धुरी दिलेली असण्याची शक्यता मोठी. किडीपासून आणि काळवंडण्यापासून फुलं वाचवायला ही धुरी देतात. नैसर्गिकरीत्या वाळलेली पांढरी शेवंती थोडी पिवळट, मळकटच दिसते. तीच घ्या.

आणलेली फुलं घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेवा. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात बरणी सरळ फ्रिजमध्ये. या फुलांना ओल फार लवकर धरते आणि बुरशीचा वास आलेलं फूल टाकून देण्यापलीकडे इलाज नाही.

चहा करण्याची कृती

१. एका मोठ्या मगाला (साधारण २५० मिली) पाच ते सात वाळलेली फुलं घ्या. वजनात दीड-दोन ग्रॅम. पहिल्यांदा करताना जास्त घालायचा मोह होतो, पण जास्त फुलांनी चहा कडवट होतो.

२. फुलांवर थोडं गरम पाणी ओतून लगेच काढून टाका. धूळ निघते आणि पाकळ्या सैल होतात.

३. पाणी उकळलं की गॅस बंद करून मिनिटभर थांबा, मग फुलांवर ओता. आपल्या चहासारखं फुलं घालून खळखळ उकळायचं नाही. उकळलं की काढा होतो, सुगंध उडून जातो.

४. झाकण ठेवा. तीन ते पाच मिनिटं. झाकण विसरू नका, कारण या चहाचं अर्धं सुख वासात आहे आणि तो वाफेबरोबर जातो.

५. रंग फिकट सोनेरी झाला की प्यायला घ्या. मगात एक तृतीयांश चहा उरला की पुन्हा गरम पाणी घाला. त्याच फुलांवर दोन-तीन वेळा चहा होतो. दुसरा पेला मला सगळ्यांत आवडतो. पहिल्याचा कडवटपणा गेलेला असतो आणि गोडी शिल्लक असते.

कधीकधी चहा ठेवल्यावर हिरवट होतो आणि लोक घाबरून ओतून देतात. शेवंतीत क्लोरोजेनिक आम्ल असतं, ते अल्कधर्मी पाण्यात हवेच्या संपर्कात आलं की हिरवी छटा येते. बोअरचं जड पाणी असलेल्या घरांत हे जास्त दिसेल. फिल्टरचं पाणी वापरून पाहा.

बरोबर काय घालावं

साखर घालायचीच असेल तर खडीसाखरेचा एक छोटा खडा. चिनी लोकही तीच घालतात. मध घालायचा तर चहा कोमट झाल्यावर. आशियातल्या दुकानांत खोक्यात मिळणारा तयार शेवंती चहा मात्र सहसा साखरेचं पाणीच असतं. सिंगापूरला राहणाऱ्या मराठी मंडळींनी पाकिटावरचा साखरेचा आकडा जरूर वाचावा.

सर्वांत प्रसिद्ध जोडी आहे शेवंती आणि गोजी बेरी. ही लाल, मनुक्यासारखी फळं चीनच्या निंगश्या भागातली नावाजलेली. मगात सात-आठ टाकायची, चहाबरोबर फुगतात, शेवटी खाऊन टाकायची. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातल्या चहाघरांत सकाळी डिमसमबरोबर (वाफवलेले, तळलेले छोटे छोटे पदार्थ) पु-अर या मुरवलेल्या गडद चहात शेवंती घालून पितात. तेलकट खाण्यावर ती हलकी वाटते. पण त्यात चहाची पत्ती आली, म्हणजे कॅफिनही आलं.

आणि एक जोडी आपल्या ओळखीची आहे. चिनी वैद्यकात डोळ्यांसाठी शेवंतीबरोबर 'ज्वे-मिंग-झ' नावाचं भाजलेलं बी घालतात. हे बी टाकळ्याचं! पहिल्या पावसानंतर कोकणात ज्याची कोवळी पानं भाजीला खुडतात, तोच टाकळा. बी पोट सैल करतं, म्हणून जुलाबाची तक्रार असलेल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. ते चांगलं भाजलेलंच वापरायचं असतं.

कशासाठी पितात आणि त्यात तथ्य किती

चिनी वैद्यक शेवंतीला गोड-कडू चवीची आणि किंचित थंड मानतं. शरीरात ऊर्जा वाहण्याचे जे मार्ग ते मानतं, त्यातल्या फुप्फुस आणि यकृताच्या मार्गांवर ती काम करते असं ते सांगतं. यकृताचं दार डोळ्यांत उघडतं, ही तिथली जुनी धारणा, म्हणून लाल, कोरड्या, थकलेल्या डोळ्यांसाठी पांढरी शेवंती. ताप, डोकेदुखी, घसा दुखणं असलेल्या सुरुवातीच्या सर्दीसाठी पिवळी (रानशेवंती नव्हे). तुतीच्या पानांबरोबर शेवंतीचा 'सांग-जू यिन' हा काढा याच कामासाठी आजही दिला जातो.

आधुनिक तपासणीत या फुलांमध्ये ल्युटिओलिन, एपिजेनिन यांसारखी फ्लॅव्होनॉइड्स (वनस्पतींत आढळणारी संयुगं) सापडतात. प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर त्यांचा दाह कमी करणारा परिणाम दिसला आहे. माणसांवरचे मोठे, भक्कम अभ्यास मात्र फारसे नाहीत. म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करून हा चहा सुरू करणं धोक्याचं आहे. काचबिंदू किंवा डोळ्यांचा संसर्ग असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच जावं, आणि हा चहा डोळ्यांत कधीही घालू नये.

मला स्वतःला याचा उपयोग संध्याकाळी होतो. दिवसभर पडद्याकडे बघून डोळे शिणले की चार वाजताच्या दुधाच्या चहाऐवजी हा घेते. दहा मिनिटं पडद्यापासून दूर बसणं होतं, पाणी पोटात जातं, झोप बिघडत नाही. दिवसाला एक-दोन मग पुरेत.

कोणी टाळावा

वारंवार पातळ शौचाला होतं, हातपाय गार पडतात, थंड पदार्थ बाधतात, अशा लोकांना चिनी वैद्य हा चहा कमी प्यायला सांगतात. गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर गोजी बेरी घालू नये. तिच्यामुळे औषधाचा परिणाम वाढल्याच्या नोंदी आहेत.

आपल्या भागासाठी सर्वांत महत्त्वाचा इशारा गाजर गवताचा. १९५०च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलेलं हे गवत, ज्याला आपण काँग्रेस गवतही म्हणतो, शेवंतीच्याच कुळातलं आहे. ज्यांना त्याने अंगावर चट्टे येतात, खाज सुटते, त्यांच्यापैकी अनेकांना शेवंतीही सहन होत नाही. शेतात काम करणाऱ्या घरांत ही तक्रार खूप आढळते. झेंडू किंवा सूर्यफूल हाताळून त्रास होत असेल तरीही हा चहा नकोच.

असा त्रास कधीच झाला नसेल तरी पहिल्या दिवशी अर्धाच पेला प्या आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. ओठांना खाज, अंगावर पुरळ, शिंका असं काही दिसलं तर उरलेलं पाकीट ठेवू नका. श्वास अडकला किंवा चेहरा सुजला तर वाट न बघता दवाखाना गाठा.