मास्टर्स करून अमेरिकेत मेडिकलला जायचंय? या चुका टाळा

"मावशी, एक वर्ष मास्टर्स केलं की जुना जीपीए धुऊन निघेल ना?" न्यू जर्सीत वाढलेल्या माझ्या भाचीने हे विचारलं. तिचा पदवीचा जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, ४ पैकी ३.२.

नाही निघत. सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. एएमकॅस, म्हणजे अमेरिकेतल्या एमडी कॉलेजांचा सामायिक अर्ज, पदवीचे गुण एका ओळीत दाखवतो आणि मास्टर्सचे वेगळ्या ओळीत. दोन्हींची बेरीज होत नाही. मास्टर्सला ३.९ मिळवले तरी वरच्या ओळीतले ३.२ तसेच राहतात. तो आकडाच वर न्यायचा असेल तर पोस्ट-बॅक करा. पदवीनंतर घेतलेले हे पदवीच्याच पातळीचे कोर्स जुन्या सरासरीत मिसळतात. भाचीला मी आधी हेच करायला सांगितलं.

दुसरी चूक म्हणजे 'कुठलंही एमएस चालेल' असं मानणं. बायोटेक किंवा पब्लिक हेल्थ चांगले विषय आहेत, पण मेडिकलचा अभ्यास झेपेल का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी स्पेशल मास्टर्स असतात. जॉर्जटाउन विद्यापीठात विद्यार्थी मेडिकलच्या पहिल्या वर्षाचे कोर्स करतात आणि त्यांचे गुण मेडिकलच्या मुलांशी ताडून पाहिले जातात. इथे चमकलात तर जुन्या गुणांना सबळ उत्तर मिळतं. पण इथेही बी वर बी आले, तर 'हिला झेपणार नाही' याचा पुरावा तुम्ही स्वतःच्या हाताने अर्जाला जोडलात. म्हणून आधी अभ्यासाची पद्धत सुधारा, मगच प्रवेश घ्या.

"एमकॅट डिसेंबरच्या सुट्टीत वाचून जानेवारीत देईन," हा भाचीचा पुढचा बेत. एमकॅट म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा. साडेसात तासांची परीक्षा, ४७२ ते ५२८ गुणांची, आणि सुट्टी तीन आठवड्यांची! फिजिऑलॉजीच्या फायनलने थकलेल्या डोक्याने ती होत नाही. मास्टर्सच्या आधीच उरकून टाका.

वेळापत्रकही नीट बघा. अर्ज मे अखेरीपासून पाठवता येतो, मास्टर्सचे वर्ग बहुधा ऑगस्टमध्ये सुरू होतात, पहिले गुण डिसेंबरात हातात येतात. त्याच उन्हाळ्यात अर्ज केलात तर कॉलेजं तुमचे जुनेच गुण बघणार. मास्टर्स संपवून अर्ज करायचा म्हटलं तर मध्ये एक वर्ष जातं. ते हिशेबात धरा आणि त्या वर्षात क्लिनिकमध्ये काम करा. मास्टर्स केल्यावर मेडिकलच्या 'इंटरव्ह्यूची हमी' असं कुणी सांगितलं तर किती जीपीए आणि किती एमकॅटवर, ते लेखी घ्या.

पैशांचं गणित आता बदललंय. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस, म्हणजे पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं सरकारी कर्ज, बंद. मास्टर्ससाठी उरलेलं सरकारी कर्ज वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंतच. वरची फी आणि भाडं कुठून येणार, हे प्रवेशाआधी घरी बसून ठरवा.

पुण्या-मुंबईहून बी.एस्सी. किंवा बी.फार्म. करून इकडे एमएसला येणाऱ्यांसाठी वाट आणखी अरुंद आहे. एएमकॅस परदेशी गुण पडताळत नाही. बरीच कॉलेजं अमेरिकेतली किंवा कॅनडातली पदवी, नाहीतर तिथले निदान ९० क्रेडिट मागतात. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्यांना अनेक कॉलेजं घेतच नाहीत. घेतात त्यांतली काही एक ते चार वर्षांची फी आधीच खात्यात ठेवायला लावतात. विमानाचं तिकीट काढण्याआधी प्रत्येक कॉलेजचा नियम स्वतः वाचा, एजंटच्या शब्दावर जाऊ नका.

भाचीने सध्या घराजवळ संध्याकाळचे बायोकेमिस्ट्री आणि जेनेटिक्सचे कोर्स घेतलेत. मास्टर्सचा फॉर्म ड्रॉवरमध्येच आहे.