डायलचा जुना फोन वाजत नाही? पेचकस उचलण्याआधीची तयारी

बोलणं स्वच्छ ऐकू येतं, नंबरही फिरवता येतो, पण बाहेरून कुणी फोन केला की घंटी मुकी. असा फोन बाद झाला असं समजून माळ्यावर टाकू नका. बोलण्याचा आणि घंटीचा मार्ग आत वेगळा असतो, त्यामुळे एक चालू आणि दुसरा बंद हे सहज घडतं. बहुतेक वेळा घंटी जळालेली नसतेच. तिच्यापर्यंत रिंगची वीज पोहोचत नसते किंवा तिला हलायला मोकळीक नसते. म्हणून आधी बाहेरचं सगळं तपासून घ्या आणि फोन शेवटी उघडा.

सुरुवातीला फोन उलटा करून बघा. घंटीचा आवाज कमीजास्त करणारं चाक किंवा खटका बऱ्याच फोनांत तळाशी असतो आणि तो अगदी खाली सरकलेला असू शकतो. मग त्याच जागी दुसरा फोन लावून बघा, शक्यतो घंटीचाच. इलेक्ट्रॉनिक फोन अशक्त रिंगवरही वाजतो, त्यामुळे तो वाजला म्हणजे लाइन ठणठणीत आहे असं धरू नका. ठोक्याने वाजणाऱ्या खऱ्या घंटीला साधारण ७५ ते ९० व्होल्ट एसी लागतो, तोही सेकंदाला २० किंवा २५ आवर्तनांचा. इंटरनेटच्या डब्यावर फोन चालत असेल तर संशय आधी त्या डब्यावर घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. त्याला जोडलेले बाकीचे फोन काढा आणि सेटिंगमध्ये रिंगचा व्होल्टेज व फ्रिक्वेन्सी बदलता येते का पाहा.

फोन मूळचा कुठला, हेही आधीच शोधून ठेवा, कारण निम्मं उत्तर तिथेच असतं. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या ५०० मॉडेलसारख्या अमेरिकी फोनात घंटीची एक तार अनेकदा पिवळ्या वायरवर असते. ती पिवळी वायर हिरवीला जोडली नाही तर बोलणं होतं, पण घंटी वाजत नाही. नवीन प्लग बसवलेल्या ब्रिटिश फोनांत घंटीसाठी तिसरी तार लागते आणि कंडेन्सर (रिंगची एसी वीज जाऊ देणारा पण डीसी अडवणारा भाग) भिंतीवरच्या मुख्य सॉकेटमध्ये असतो. असा फोन दोन तारांच्या लाइनवर लावायचा तर रिंगचा कंडेन्सर असलेला अडॅप्टर हवा. काही जुन्या अमेरिकी घंट्या एकाच ठरावीक फ्रिक्वेन्सीला वाजतील अशा बनवलेल्या होत्या. त्या साध्या लाइनवर वाजणारच नाहीत, उगाच दुरुस्त करत बसू नका.

उघडण्याची वेळ आलीच, तर टेबलावर स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा पेचकस, मल्टिमीटर, टॉर्च, मऊ ब्रश आणि जाड कागदाची पट्टी ठेवा. एकही वायर सोडवण्याआधी सगळ्या जोडण्यांचे फोटो काढा. मॉडेलचा वायरिंगचा नकाशा मिळाला तर तोही समोर असू द्या. लाइनची वायर भिंतीतून काढलेली असलीच पाहिजे. रिंग येत असताना हात लागला तर चांगलाच झटका बसतो.

आत सर्वात आधी घंटीचा ठोका बोटाने हलवून बघा. नेआण करताना कुणीतरी खुपसलेला कागद किंवा कापूस तिथे अडकलेला असू शकतो. घंटीच्या धातूच्या वाट्या ठोक्याला चिकटल्या असतील तर स्क्रू किंचित सैल करून त्या थोड्या फिरवा. त्यांचं भोक मुद्दामच मध्यापासून सरकलेलं असतं, त्यामुळे वाटी फिरवली की अंतर बदलतं. रिंगच्या मार्गात हुकचे (रिसीव्हर ठेवला-उचलला की दबणाऱ्या खटक्याचे) संपर्क येत असतील तर ते कागदाच्या पट्टीने पुसा, पॉलिशपेपरने कधीच नाही. घंटीच्या कॉइलची (तारेच्या वेटोळ्याची) एक तार सुटी करून रोध मोजा. एक हजार ते काही हजार ओहम आला तर कॉइल शाबूत आहे, काहीच दाखवलं नाही तर आत तार तुटली आहे. कंडेन्सर बदलायचा झाला तर ध्रुव (+ आणि − टोकं) नसलेला, निदान २५० व्होल्टचा आणि मूळ मूल्याचाच घ्या: अमेरिकी फोनात साधारण ०.५, ब्रिटिश फोनात १.८ ते २ मायक्रोफॅरड.

चाचणीसाठी फोन करणाऱ्या माणसाला आधीच सांगून ठेवा आणि रिंग येताना आत हात घालू नका. घंटी वाजू लागली की एकदा डायलही फिरवून बघा. फिरवताना ती बारीक किणकिणत असेल तर ठोक्याची स्प्रिंग एक खाच घट्ट करा आणि पुन्हा फोन करायला सांगा.